‘मुळे’, ‘मुळेच’ आणि ‘मुळेही’ : विधान आणि युक्तिवाद ओळखायचा कसा?

"अलमट्टीमुळे कोल्हापुरात पूर येतो."

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूर, शिरोळ, सांगली या पट्ट्यात कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभं राहा, हे वाक्य कानावर येणारच. आणि लगेच दुसरा कुणीतरी म्हणणार, "अलमट्टीचं काय घेऊन बसलाय, नदीच्या पात्रात बंगले कुणी बांधले?" इथून पुढं जे भांडण चालतं, त्यात चिकित्सक विचाराचं अख्खं पहिलं प्रकरण दडलेलं असतं.

पेट, नेट किंवा सेटची तयारी करणाऱ्यांना हे प्रकरण बहुतेक वेळा सॉक्रेटिसपासून शिकवलं जातं. सर्व मानव मर्त्य आहेत, सॉक्रेटिस मानव आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. उदाहरण बिनचूक आहे, पण त्यावर कुणाचंच भांडण नाही. सॉक्रेटिस मेला, विषय संपला. संशोधनात आपल्याला जे युक्तिवाद भेटतात ते असे गुळगुळीत नसतात. अर्धं न बोललेलं असतं, निष्कर्ष आधी आणि कारणं नंतर असतात, मध्येच राग असतो, मध्येच आकडा असतो. म्हणून या लेखात मी सॉक्रेटिसला विश्रांती देते आणि आपल्या पुरालाच हाताशी घेते. अलमट्टीचा निकाल लावणं हा माझा विषय नाही, तो जलशास्त्राचा आहे. लोक काय म्हणतात आणि त्या म्हणण्याची बांधणी कशी आहे, एवढंच बघूया.

विधान कशाला म्हणायचं?

ज्या वाक्याबद्दल "हे खरं आहे का खोटं?" असं विचारता येतं, ते विधान. वाक्य आणि विधान यांत गल्लत करू नका. प्रत्येक विधान वाक्यातून सांगितलं जातं, पण प्रत्येक वाक्य विधान नसतं.

पुराच्या रात्री गावात काय काय बोललं जातं बघा. "पाणी कुठवर आलंय?" हा प्रश्न आहे, त्याला खरं-खोटं लागू नाही. "जनावरं वर काढा!" ही आज्ञा. "आई अंबाबाई, सांभाळ गं!" ही प्रार्थना. आणि "राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली" हे विधान. बंधाऱ्यावर मोजपट्टी आहे, तिथं जाऊन तपासता येतं. ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं.

इथवर सोपं आहे. परीक्षेतही बहुधा एवढंच विचारतात. गंमत पुढं आहे.

"धरणात एवढं पाणी साठवून ठेवायची काय गरज होती?" व्याकरणाने हा प्रश्न. पण विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. त्याला म्हणायचं असतं, "गरज नसताना पाणी साठवलं गेलं." म्हणजे प्रश्नाचा सदरा घातलेलं हे विधान आहे. मराठीत आपण असे प्रश्न फार वापरतो, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत तर ओळीओळीला. वाचताना त्या प्रश्नातलं विधान बाहेर काढून समासात लिहायची सवय लावा. नाहीतर होतं काय, की लेखकाने एक दावा केलाय हे आपल्या लक्षातच येत नाही आणि त्याचा पुरावा मागायचा राहून जातो.

दुसरी अडचण "पाणी लई वाढलंय" अशा वाक्यांची. हे विधान आहे, पण मोकळंढाकळं. लई म्हणजे किती? ज्याचं घर नदीकाठाला आहे त्याचं लई वेगळं आणि टेकडीवर राहणाऱ्याचं वेगळं. अशा विधानाला खोटं ठरवता येत नाही आणि म्हणूनच खरंही ठरवता येत नाही. संशोधनाच्या आराखड्यात "विद्यार्थ्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर नैराश्य आढळते" असं लिहिणारे आपण सगळे या "लई वाढलंय"चेच भाऊबंद.

तिसरा प्रकार "पाहिजे"वाल्या विधानांचा. "पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी देऊ नये." हे मोजपट्टीवर तपासता येत नाही. मग याला विधान म्हणायचं का? काही पुस्तकं नाही म्हणतात. माझं मत असं की चिकित्सक विचारात याला विधानाचाच मान द्यावा, कारण यावर लोक सहमत-असहमत होतात आणि त्याच्या बाजूने कारणं देतात. फक्त एक पथ्य पाळा. निव्वळ "आहे"वाल्या विधानांतून "पाहिजे"वालं विधान थेट निघत नाही. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने या जागेवर बोट ठेवलं होतं. "पूररेषेच्या आत पाणी शिरतं, म्हणून तिथं बांधू देऊ नये" या म्हणण्यात मधे एक न बोललेलं "पाहिजे" आहे: जिथे जिवाला धोका आहे तिथं घर बांधायला सरकारने रोखलं पाहिजे. बहुतेकांना ते मान्य असेल. पण ज्याची वडिलोपार्जित जागाच तेवढी आहे, तो म्हणेल, आधी मला दुसरी जागा दिली पाहिजे. भांडण पाण्यावर नसतं, या लपलेल्या "पाहिजे"वर असतं.

युक्तिवादाचे भाग

युक्तिवाद म्हणजे विधानांचा असा गट, ज्यातलं एक विधान बाकीच्यांच्या आधाराने उभं केलेलं असतं. जे उभं केलंय तो निष्कर्ष. ज्यांच्यावर उभं केलंय ती आधारविधानं. आणि जे बोललंच नाही, पण ज्याच्याशिवाय इमारत उभी राहत नाही, ते गृहीतक. तीनच भाग. नुसती दहा विधानं एकाखाली एक लिहिली म्हणजे युक्तिवाद होत नाही. ती यादी होते. आपल्या संशोधन-साहित्याच्या आढाव्याची ९० टक्के रड हीच असते, "अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले," आणि शेवटपर्यंत कशावरून काय निघतं ते कळत नाही. (९० हा आकडा माझा रागाचा आहे, पुराव्याचा नाही. वर म्हटल्याप्रमाणे, अशा आकड्यांवर तुम्ही बोट ठेवलं पाहिजे.)

भाग ओळखायला सांधणारे शब्द मदत करतात. निष्कर्षाच्या आधी म्हणून, त्यामुळे, यावरून, तेव्हा, अर्थात. आधारविधानाच्या आधी कारण, कारण की, ज्याअर्थी. सरकारी आदेशांत आणि न्यायालयाच्या निकालपत्रांत तर मराठीने ही सोय फार चोख करून ठेवली आहे: "ज्याअर्थी… आणि ज्याअर्थी… त्याअर्थी…" आणि अर्जाच्या शेवटी "सबब विनंती की". एखादा जुना आदेश किंवा खरेदीखताचा वाद हाताशी असेल तर वाचून बघा. ज्याअर्थीच्या खाली आधारविधान आणि त्याअर्थीच्या खाली निष्कर्ष, असं आयतं विच्छेदन केलेलं मिळतं. त्या भाषेला आपण रुक्ष म्हणतो, पण युक्तिवाद शिकायला तिच्यासारखी दुसरी शाळा नाही.

पण या शब्दांवर डोळे झाकून विसंबू नका. "कारण" हा शब्द दोन वेगवेगळी कामं करतो.

पहिलं वाक्य: "२०१९ ला पूर आला, कारण ऑगस्टमध्ये प्रचंड पाऊस झाला." दुसरं वाक्य: "आज रात्री भोगावती वाढणार, कारण राधानगरीचे दरवाजे उघडलेत." दोन्हींत "कारण" आहे. पण पहिल्यात पूर आला याबद्दल कुणालाच शंका नाही. पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली होती, आम्ही सगळ्यांनी पाहिली. तिथं "कारण" हे झालेल्या गोष्टीचं स्पष्टीकरण देतं. दुसऱ्यात रात्र अजून व्हायची आहे. ऐकणाऱ्याला पटवायचं आहे की पाणी वाढेल, आणि त्यासाठी पुरावा दिलाय. हा युक्तिवाद. फरक ओळखायची युक्ती साधी आहे. "कारण"च्या आधीचा भाग ऐकणाऱ्याला अगोदरच मान्य आहे का, हे विचारा. मान्य असेल तर बहुधा स्पष्टीकरण, नसेल तर युक्तिवाद. नेटमध्ये युक्तिवाद आणि स्पष्टीकरण यांतला फरक विचारणारा प्रश्न आला तर हीच चाळणी लावा.

"जर-तर"चंही असंच. "जर कोयनेतून विसर्ग वाढवला तर सांगलीत कृष्णेची पातळी वाढेल." यात दोन वाक्यं दिसतात, पण विधान एकच आहे आणि युक्तिवाद तर नाहीच. विसर्ग वाढवलाय असंही बोलणारा म्हणत नाही आणि पातळी वाढलीय असंही नाही. तो फक्त दोघांमधला संबंध सांगतोय. "विसर्ग वाढवलाय" हे दुसरं विधान जोडलं की मग युक्तिवाद सुरू होतो. दरवर्षी समाजमाध्यमांवर असल्या जर-तरमधला जर गळतो, तर उरतो, आणि रात्री दोन वाजता अख्खी गल्ली जागी होते.

‘मुळे’ या शब्दात काय काय भरलेलं असतं

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. "अलमट्टीमुळे कोल्हापुरात पूर येतो." हे विधान आहे का? हो. युक्तिवाद आहे का? नाही, एकच विधान आहे. पण "मुळे" या शब्दयोगी अव्ययात एक पूर्ण युक्तिवाद घडी घालून ठेवलाय. तो उलगडला तर साधारण असा दिसतो.

कर्नाटकात अलमट्टीला पाणी अडवलं की धरणाच्या मागे कृष्णेची पातळी वाढते. मागची पातळी वाढली की वरून येणाऱ्या पाण्याला उतार कमी मिळतो आणि त्याचा वेग मंदावतो. हा फुगवटा शिरोळ-सांगलीच्या भागापर्यंत परिणाम करतो. कृष्णा तुंबली की नृसिंहवाडीच्या संगमावर पंचगंगेला वाट मिळत नाही. म्हणून पंचगंगेचं पाणी मागे कोल्हापूरकडे फुगतं.

चार आधारविधानं आणि एक निष्कर्ष. आणि ही चार विधानं सुटी सुटी नाहीत, साखळी आहेत. एक कडी तुटली की पुढचं सगळं सुटतं. याच्या उलट काही युक्तिवादांत कारणं मांडवाच्या खांबांसारखी असतात, एक काढला तरी मांडव थोडा झुकतो पण पडत नाही. आपल्यासमोर साखळी आहे का मांडव, हे आधी ठरवायचं. कारण साखळीत चारही कड्या सारख्याच ताकदीने तपासत बसायची गरज नसते, जिच्यावर वाद आहे ती शोधायची असते.

इथं कुठली? पहिल्या दोन कड्यांवर कुणाचा वाद नाही, ते साधं नदीचं वागणं आहे. चौथी कडी शिरोळ तालुक्यातला माणूस अनुभवाने सांगेल. खरा वाद तिसरीवर आहे, म्हणजे फुगवट्याचा परिणाम इतक्या लांब वर पोचतो का. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या, जलसंपदा विभागाचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मे २०२० मध्ये अहवाल दिला, आणि त्यात अलमट्टी व हिप्परगी यांचा सांगली-कोल्हापूरच्या पुराशी संबंध नाही असा निष्कर्ष काढला. अतिवृष्टी आणि नदीक्षेत्रातली अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं. हा निष्कर्ष इथल्या अनेकांना पटला नाही. ते म्हणतात परिणाम पोचतो. म्हणजे दोन्ही बाजूंचं भांडण चार कड्यांवर नाही, एका कडीवर आहे. चहाच्या गाड्यावर दोन तास भांडून हे कळत नाही, कागदावर पाच ओळी लिहिल्या की कळतं.

आता "समितीने सांगितलंय, विषय संपला" असं म्हणणाऱ्यांकडेही बघू. समितीचं नाव हा पुराव्याचा पत्ता आहे, पुरावा नव्हे. तज्ज्ञाचं म्हणणं विश्वासार्ह मानायला हरकत नाही, रोजच्या जगण्यात आपण तेच करतो. पण संशोधन करणाऱ्याने अहवाल उघडून त्या निष्कर्षाखाली कुठली मोजमापं आहेत, ती कुठल्या वर्षांची, कुठल्या ठिकाणची, हे बघायचं असतं. आणि "समितीला काय कळतंय, आम्ही नदीकाठाला जन्मलोय" म्हणणाऱ्यालाही हाच नियम. नदीकाठाला जन्म हाही पत्ताच आहे.

‘च’ आणि ‘ही’

मराठीत एका अक्षराने विधान किती बदलतं ते बघा. अलमट्टीमुळे पूर येतो. अलमट्टीमुळेच पूर येतो. अलमट्टीमुळेही पूर येतो. तीन वेगळी विधानं. त्यांना लागणारा पुरावा वेगळा आणि त्यांना पाडणारा पुरावाही वेगळा.

समजा कुणी म्हणालं, "१९८९ ला कोल्हापुरात मोठा पूर आला होता. तेव्हा अलमट्टीचं काम चालू होतं, धरण पूर्ण झालं ते २००५ च्या सुमारास. मग कसली अलमट्टी?" चांगला मुद्दा आहे. पण याने नेमकं काय पडलं? "मुळेच" पडलं. धरणाचं पाणी नसतानाही पूर येऊ शकतो हे सिद्ध झालं, म्हणजे अलमट्टी हे एकमेव कारण नाही. "मुळेही" मात्र जागच्या जागी उभं आहे. पाऊस एक कारण, बांधकामं दुसरं, आणि धरणाने त्यात दोन फुटांची भर घातली असं कुणी म्हणत असेल, तर १९८९ चं उदाहरण त्याला लागतच नाही. "मुळेही" पाडायचं असेल तर तिसऱ्या कडीचीच मोजमापं लागतील.

वादात नेमकी हीच चोरी होते. एक जण बोलतो "मुळेही", समोरचा ऐकतो "मुळेच", आणि मोठ्या उत्साहाने "मुळेच" पाडून टाकतो. प्रबंध लिहिताना दुसऱ्याचं मत खोडण्याआधी त्याच्या वाक्यात "च" होता का, हे मूळ पानावर जाऊन बघा. नसेल तर आपल्या पदरचा घालू नका.

दुसरं उदाहरण याहून बारीक आहे. कर्नाटकाला अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे. २०१० मध्ये ब्रिजेशकुमार लवादाने तशी परवानगी दिली. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने या उंचीवाढीला विरोध जाहीर केला. यावर बरेच जण म्हणाले, "हा दुटप्पीपणा आहे, तुमच्याच समितीने अलमट्टीचा संबंध नाही म्हटलं होतं." इथं थांबा आणि दोन्ही विधानं शेजारी शेजारी लिहा. समितीचं विधान आहे ते झालेल्या पुराबद्दल, तेव्हाच्या पातळीबद्दल. सरकारचा विरोध आहे तो पुढे होणाऱ्या साडेचार मीटरहून जास्त वाढीबद्दल. दोन विधानं विसंगत केव्हा? एकाच वेळी दोन्ही खरी असणं अशक्य असेल तेव्हा. ५१९.६० ला परिणाम पोचत नाही आणि ५२४ ला पोचतो, हे दोन्ही एकदम खरं असू शकतं. सरकारची भूमिका बरोबर आहे असं मी म्हणत नाही. तिच्यावर "विसंगत" हा आरोप टिकत नाही, एवढंच. पुरावा मागा, तो हक्क आहेच.

आणि "धरण झालं आणि त्यानंतर २००५, २०१९, २०२१ असे पूर आले, यावरूनच कळतं" असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याकडे आयती म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. नंतर झालं म्हणजे त्यामुळे झालं असं नाही. याच वर्षांत नदीकाठी बांधकामं वाढली, रस्त्यांचे भराव आले. ही सगळी कावळ्याच्या शेजारी बसलेली मंडळी आहेत. फांदी कुणाच्या वजनाने मोडली हे वेगळं काढावं लागेल.

पंचावयव वाक्य

नेटच्या पेपर एकमध्ये सहावा घटक तार्किक विचाराचा आहे आणि त्यात भारतीय तर्कशास्त्रही आहे. अनुमान, व्याप्ती, हेत्वाभास. विद्यार्थी हे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. माझ्या मते हा सगळ्यात कामाचा भाग आहे.

न्यायदर्शनाने अनुमान दोन प्रकारचं मानलं. स्वतःपुरतं केलेलं ते स्वार्थानुमान, दुसऱ्याला पटवण्यासाठी मांडलेलं ते परार्थानुमान. दुसऱ्याला पटवायचं तर पाच पायऱ्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पुस्तकातलं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. आपण राधानगरीचं घेऊ.

आज भोगावती वाढणार, ही प्रतिज्ञा. कारण राधानगरीचे दरवाजे उघडलेत, हा हेतू. जेव्हा जेव्हा दरवाजे उघडतात तेव्हा खाली भोगावती वाढते, जशी मागच्या पावसाळ्यात वाढली, हे उदाहरण. आजही दरवाजे तसेच उघडलेत, हा उपनय. म्हणून आज भोगावती वाढणार, हे निगमन.

पहिली आणि पाचवी पायरी एकच दिसते. मग दोनदा कशाला? कारण पहिल्यांदा ती नुसता दावा असते आणि शेवटी सिद्ध झालेली असते. प्रबंधाच्या प्रस्तावनेत आणि समारोपात तेच विधान येतं, पण मधल्या चार प्रकरणांनी त्याचा दर्जा बदललेला असतो, तसंच हे. एक सावधगिरी: न्यायदर्शनात "निगमन" म्हणजे ही पाचवी पायरी, आणि आजच्या मराठी तर्कशास्त्राच्या पुस्तकांत "निगमन" म्हणजे सामान्यावरून विशेषाकडे जाणारी अनुमानाची पद्धत. प्रश्नपत्रिकेत कुठल्या अर्थाने आलंय ते संदर्भावरून बघा.

तिसऱ्या पायरीत जो नियम सांगितला ती व्याप्ती. आपल्या रोजच्या बोलण्यात हीच पायरी गाळलेली असते. न्यायवाल्यांनी ती मोठ्याने बोलायला लावली, हा त्यांचा मोठा उपकार. कारण मोठ्याने बोललं की ती डळमळीत आहे हे लगेच ऐकू येतं. "दरवाजे उघडले, आता पंचगंगेला पूर" असं कुणी म्हणालं तर त्याची व्याप्ती होईल: जेव्हा जेव्हा राधानगरीचे दरवाजे उघडतात तेव्हा पंचगंगेला पूर येतो. हे तर खोटं आहे. सप्टेंबरात धरण भरलेलं असताना एखादा स्वयंचलित दरवाजा उघडतो, १४२८ क्युसेक पाणी येतं, आणि पंचगंगा इशारा पातळीच्या कितीतरी खाली निवांत वाहत असते. हेतू आहे, पण साध्य नाही. अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात.

मग ऑगस्टमध्ये दरवाजे उघडल्यावर पूर का येतो? कारण तेव्हा कासारी, कुंभी, तुळशी याही भरून वाहत असतात. ही जी लपलेली अट आहे तिला न्यायदर्शनात उपाधी म्हणतात. शास्त्रातलं उदाहरण ओल्या लाकडाचं: आग असली की धूर असतोच असं नाही, लाकूड ओलं असेल तर असतो. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. संख्याशास्त्र शिकताना तुम्हाला "गोंधळ घालणारा चल" भेटेल, तेव्हा हे ओलं लाकूड आठवा.

सत्य आणि युक्तता यांबद्दल दोनच ओळी, कारण यावर प्रश्न हमखास असतो. सर्व नद्या पश्चिमेला वाहतात, पंचगंगा नदी आहे, म्हणून पंचगंगा पश्चिमेला वाहते. बांधणी युक्त आहे, आधारविधान खोटं आहे, निष्कर्षही खोटा. युक्त असणं हा बांधणीचा गुण, सत्य असणं हा विधानाचा.

आराखड्यात याचं काय करायचं?

मराठीतून आराखडा लिहिणाऱ्यांचा एक हमखास घोळ "गृहीतक" आणि "परिकल्पना" यांचा. गृहीतक म्हणजे जे आपण तपासणार नाही, मान्य धरून पुढं जाणार आहोत. परिकल्पना (काही पुस्तकांत गृहीतकृत्य) म्हणजे जे आपण तपासणार आहोत. नावं सारखी वाटतात म्हणून अदलाबदल होते आणि मग समितीसमोर प्रश्न येतो, "हे तुम्ही गृहीतच धरलंय, तर संशोधन कशाचं करणार?"

एक बनवलेलं उदाहरण घेऊ. समजा कुणाचा विषय आहे: "शिरोळ तालुक्यात पुरामुळे मुलींचं शिक्षण अर्धवट सुटतं." पुन्हा "मुळे". उलगडून बघा. मुलींची शाळा सुटते, हे एक विधान. ती पुरानंतरच्या काळात जास्त सुटते, हे दुसरं. ती पूर न आलेल्या गावांपेक्षा जास्त सुटते, हे तिसरं. आणि पूर हेच त्यामागचं कारण, शेती बुडून घरची ओढाताण झाली, स्थलांतर झालं, लग्न लवकर लावलं, हे चौथं. पहिलं शाळेच्या हजेरीपटावर मिळेल. दुसऱ्याला पुराच्या आधीची वर्षं लागतील. तिसऱ्याला दुसरी गावं लागतील. चौथ्याला त्या घरांत जाऊन बसावं लागेल. यातलं कुठलं तुम्ही तपासणार आणि कुठलं मान्य धरणार, हे ठरलं की परिकल्पना आणि गृहीतकं आपोआप वेगळी होतात, आणि नमुना निवड का तशी केली हेही सांगता येतं. तिसऱ्याचा विचार न करता फक्त पूरग्रस्त गावांत प्रश्नावली वाटली, तर उत्तर काहीही आलं तरी त्यातून "पुरामुळे" निघणार नाही. त्या मुलींसाठी उद्या कुणी योजना मागायला गेलं, तर पहिल्याच प्रश्नाला तुमचा प्रबंध गप्प बसेल.

आता सरावाला एक परिच्छेद. मीच जुळवलाय, पण असे रोज वाचायला मिळतात:

"२०१९ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला. महामार्ग बंद पडला की बाहेरून इंधन आणि औषधं येत नाहीत, इथलं दूध मुंबई-पुण्याला जात नाही. एवढ्या मोठ्या शहराला एकाच रस्त्यावर टांगून ठेवणं शहाणपणाचं आहे का? सबब शिरोलीजवळचा भराव काढून तिथं कमानींचा पूल बांधला पाहिजे. जर हा पूल झाला तर पुराचं पाणीही लवकर ओसरेल. पंचगंगा ही कोल्हापूरची जीवनदायिनी आहे."

कागद-पेन घ्या. निष्कर्ष कुठला? प्रश्नाच्या सदऱ्यातलं विधान कुठलं, आणि ते खरं आहे का हे कशावर तपासाल? जर-तरचं वाक्य पुलाच्या बाजूने कारण म्हणून वापरायचं तर त्याला आणखी कुठलं विधान जोडावं लागेल? न बोललेलं "पाहिजे" कुठलं? आणि एक वाक्य असं आहे की जे काढून टाकलं तरी युक्तिवादाचं काहीही बिघडत नाही, ते शोधा.